पाण्याला पाठ

२० सप्टेंबर

समुद्राच्या तळाशी बुडी मारून जुन्या लढाया शोधणारी एक बाई आज आमच्या ओसरीवर येऊन बसली. सावरघाटापासून समुद्र किती लांब आहे हे मी इथे लिहायला नको. गावातल्या निम्म्या माणसांनी तो टीव्हीतच पाहिलाय.

बाईंचं नाव डॉ. माया. आडनाव विचारलं, तर "आम्ही शिरूर कासारचे" म्हणाल्या. पुन्हा विचारलं तेव्हा सांगितलं. वडील जालिंदर, एसटीत कंडक्टर होते, आता घरीच असतात. मी म्हटलं, "शिरूरला प्यायला पाणी न्हाई, तुमी पोहायला कुठं शिकलात?"

"पुण्याला, काका. कॉलेज संपल्यावर. पहिल्या दिवशी काठाला धरून लई रडले होते."

हे त्यांनी हसत सांगितलं. मला आवडलं. जो आपलं रडणं हसत सांगतो त्याच्याशी बोलायला बरं वाटतं.

कोकणात खाड्यांच्या तोंडाशी गलबतांनी किनाऱ्यावर आणि किनाऱ्याने गलबतांवर केलेल्या माऱ्याच्या खुणा त्या शोधतात. आता म्हणतात, नदीचा काठही काठच आहे, तो तसाच वाचता येईल. पेशवे आणि निजाम यांची राक्षसभुवनची लढाई आम्हाला शाळेत होती. त्याच धामधुमीत आमच्या घाटावरही चकमक झाली, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगतं. बाई 'त्याच' हा शब्द मान्य करत नाहीत. "कुठल्या तरी लढाईची गोळी तुमच्या वावरात निघते, एवढंच मला आत्ता म्हणता येईल."

मी त्यांना राणोजीबाबांचं सांगितलं. आमचा मूळपुरुष. या घाटावर पेशव्यांकडून लढला, मागे हटला नाही. ही सगळी मोगलाई असताना निजामाच्या मुलखात राहून पेशव्यांकडून लढायचं म्हणजे छाती लागते, असं माझे वडील म्हणायचे. बाईंनी मान हलवली, पण वहीत काही लिहिलं नाही.

चहा झाला. मी गडीमाणसांचा स्टीलचा पेला काढून ठेवला होता, पण आमच्या मंडळींनी, सुंदरबाईंनी, पाहुण्यांच्या काचेच्या कपात दिला. नदीकडच्या गाळाच्या मळईत हवं ते करा, असं मी सांगून टाकलं. रब्बीच्या पेरणीपर्यंत ती मोकळीच असते.

त्या काळच्या लोकांनी नीट लिहून ठेवलं नाही म्हणून ही बाई उन्हातान्हात फिरणार. तेव्हा आपण तरी लिहून ठेवावं, म्हणून ही डायरी.

२५ सप्टेंबर

बाईंचं काम पाहायला रोज जातो. सुंदरबाई म्हणतात, "आवं, सून बघायला गेल्यावानी काय बसता बांधावर!" बोलू देत.

कोळपं धरावं तसा एक दांडा असतो, त्याच्या टोकाला ताटली. दोरीने आखलेल्या पट्ट्यातून बाई एकेक पाऊल टाकत जातात आणि ताटली जमिनीवरून फिरवतात. धातू लागून यंत्र किणकिणलं की खाली बसायचं आणि मातीचा पापुद्रा काढायचा. शिशाच्या गोळीचं टोक दिसलं की थांबायचं. वरून सैल माती टाकायची, शेजारी पिवळी झेंडी रोवायची, पुढे चालायचं. गोळी काही उचलत नाहीत. मला राहवेना.

"कावून उचलीत न्हाई? चोरी व्हईल एखांद्या दिवशी."

त्यांनी खिशातून दोन गोळ्या काढल्या. कोकणातल्या, नमुन्याच्या. एक बोरासारखी गोल, दुसरी चेपलेली. म्हणाल्या, "गोल आहे ती उडालीच नाही. बंदूक भरताना हात कापतो, गोळी खाली पडते. म्हणजे तिथं कुणीतरी उभं राहून बंदूक भरत होतं. चेपलेली आहे ती येऊन आदळली. म्हणजे तिथं मारा झाला. कुठली गोळी कुठं पडली आणि कशी बसली, यातच सगळं आहे, काका. उचलली की तिचं बोलणं बंद."

मी वीस वर्षं सरपंच होतो, पुष्कळ साहेब पाहिले. इतक्या थोड्या शब्दांत काम समजावणारा एकही पाहिला नाही.

३० सप्टेंबर

वरच्या पट्ट्याची मोजणी झाली. विद्यापीठातली स्वप्नाली नावाची मुलगी जागा मोजायचं यंत्र घेऊन आली होती. लिंबाच्या झाडाजवळ सगळ्या गोल गोळ्या निघाल्या, ओळीत. म्हणजे नदीकडे तोंड करून माणसं तिथे उभी होती आणि पाण्याकाठच्या लोकांवर मारा करत होती.

"आमचे पेशव्यांचे लोक!" मी म्हटलं.

"तुमचे की कुणाचे ते गोळी सांगत नाही."

घरी आणून त्यांना राणोजीबाबांची तलवार दाखवली. मूठ पाहून म्हणाल्या, ही शंभर वर्षांनंतरची वाटते. मला राग आला. त्या मात्र सुंदरबाईंना ठेच्याची कृती विचारत निवांत जेवल्या. माणसाने खरं बोलावं हे मान्य, पण घरच्या तलवारीबद्दल थोडं सबुरीने बोलायला काय हरकत आहे?

रात्री राग गेला. खोटं बोलून मला खूश करणं त्यांना किती सोपं होतं, हे लक्षात आलं.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

गावातल्या बायका घटासाठी आमच्या मळईची माती नेतात. यंदा बाईंनी विनंती केली, झेंड्यांच्या पट्ट्यातून नको, बांधाच्या वरून घ्या. बायकांनी लगेच ऐकलं. माझं ऐकायला दोन दवंड्या लागायच्या.

आता खालचा पट्टा चालू आहे, अगदी पाण्यालगतचा. बाई म्हणाल्या, सगळा प्रश्न इथेच आहे. वरून मारा झाला हे कळलं. पाण्याकाठी जे होते ते पळाले की उभे राहिले? नुसत्या चेपलेल्या गोळ्या निघाल्या तर ते मारा खात पाण्यात शिरले. गोल निघाल्या तर त्यांनी उभं राहून बंदुका भरल्या.

"पळालेच असनार," मी म्हटलं. "मोगलाईचे भाडोत्री. ते कशाला थांबतेत?"

"बघू."

दसरा झाला की बंधाऱ्याची दारं टाकणार, असा निरोप आहे. पाणी मागे फुगलं की खालचा पट्टा दरवर्षीसारखा बुडेल. स्वप्नाली यंत्र घेऊन दसऱ्यानंतर लगेच येणार, तोवर झेंड्या रोवून ठेवायच्या.

७ ऑक्टोबर

हनुमान आला होता. आताचा सरपंच, पोरगेला आहे पण बरा आहे. म्हणाला, "तात्या, यंदा तरी सीमोल्लंघनाला पुलावरून पलीकडं चला. आख्खं गाव जातं, अन् तुमी घाटावर उभे."

आमच्या घराण्याची रीत आहे. दसऱ्याला आम्ही नदी ओलांडत नाही. मळईच्या टोकाला एक काळा धोंडा आहे, त्याच्यापाशी पाण्याला पाठ करून थोडा वेळ उभं राहायचं, आपटा घ्यायचा आणि परत यायचं. का, ते वडिलांना माहीत नव्हतं, आजोबांनाही नव्हतं. मी लोकांना सांगतो, आमचा पराक्रम नदीच्या अलीकडच्या काठावरच झालेला आहे, आम्हाला सीमा ओलांडायची गरज नाही. हनुमानालाही तेच सांगितलं. तो गालात हसला, लबाड.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी

आजचा दिवस सोन्याचा. सविस्तर लिहितो.

काल रात्रीच मनात आलं. खंडेनवमीला घरातली सगळी शस्त्रं घासून पुसून पूजेत मांडतो. विळा-कोयता, ट्रॅक्टर, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. आणि ज्या गोळ्यांसाठी ही लेक तीन आठवडे उन्हात राबली, त्या मातीत पडून राहायच्या? आजच्या दिवशी शस्त्र जमिनीवर ठेवत नाहीत.

शहादेवला, आमच्या सालगड्याला, पहाटेच खाली पाठवलं. बजावून सांगितलं, झेंडी हलवायची नाही, खुरपं लावायचं नाही, भुईमुगाची शेंग काढावी तशी बोटाने काढायची. तसंच त्याने केलं. खालच्या पट्ट्यातल्या सगळ्या टोपलीत आल्या. सुंदरबाईंनी चिंच, मीठ, राख लावून इतक्या लख्ख केल्या की आमच्या समयांना लाज वाटावी. चांदीच्या ताटात मांडल्या. मधोमध बाईंचं यंत्र उभं करून त्याला झेंडूची माळ घातली, ताटलीला कुंकू लावलं.

बाईंना दसऱ्याला घरी काही कार्यक्रम होता म्हणून त्या दुपारच्या गाडीने शिरूरला निघाल्या होत्या. म्हटलं, जाण्याआधी या. आल्या, दारात उभ्या राहिल्या. ताटाकडे पाहिलं. चेहरा असा झाला की मला भरून आलं. आनंदाने शब्द फुटेना त्यांना. मी हळदकुंकवाचा करंडा पुढे केला, तर हातही हलेना.

"ह्या कुठल्या?" एवढंच विचारलं.

"खालच्या पट्ट्यातल्या. समद्या!"

मग त्या बॅग ओसरीवर ठेवून खाली मळईत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत एकट्याच बसून राहिल्या. गाडी चुकली. माणूस भारावला की असं होतं. सुंदरबाईंनी मात्र पुरणपोळीला हात लावला नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

कालचं पान फाडावंसं वाटत होतं. नाही फाडलं. असू दे.

सकाळी सुंदरबाईंनीच तोंड उघडलं. "तुमाला कळलं का काय केलं आपुन? कुठली गोळी कुठली, आता कसं कळावं तिला?"

मी आधी चिडलो. झेंड्या जागेवर आहेत, गोळ्या ताटात आहेत, हरवलं काय? आणि मग बांधावरच्या त्या दोन गोळ्या आठवल्या, एक बोरासारखी, एक चेपलेली. झेंड्या सांगतील इथे गोळी होती. गोल होती की चेपलेली, हे सांगणारं ताटात एकत्र मिसळून लख्ख बसलंय. पळाले की उभे राहिले, त्याचं उत्तर मी चिंच लावून घासून टाकलं.

खाली गेलो. बाई आलेल्याच होत्या. गुडघ्यावर बसून एका रिकाम्या खळग्यात पाहत होत्या, गाल जवळजवळ जमिनीला टेकवून. मी उभा राहिलो. माफी मागायची मला सवय नाही.

"बाई, चुकलं."

त्यांनी मान वर केली. डोळे लाल होते, पण आवाज सरळ. "काका, तुम्ही शहादेवला खुरपं लावू दिलं नाही, ते लई बरं केलं. खळगे शाबूत आहेत बरेच. इकडं या, बघा."

काळ्या मातीचा गुण आम्हाला माहीत असतो, पण असा कुणी वापरलेला पाहिला नाही. ओली असताना धरलेला ठसा ती वाळली तरी सोडत नाही. गोळी निघाली तरी खळग्याच्या तळाशी तिची बैठक राहिली होती. वाटीसारखी गोल, किंवा कडेला सपाट. "खाडीच्या चिखलात असंच असतं," बाई म्हणाल्या. "गलबताचं लाकूड कुजून जातं, त्याचा ठसा राहतो. आम्ही कितीदा नुसता ठसाच वाचतो."

"घरी कार्यक्रम होता न्हवं?"

"आई-वडील गेले पुढं. पोचलेत नीट."

संध्याकाळी गाव वाजतगाजत पुलावरून गेलं. मी नेहमीसारखा धोंड्यापाशी पाण्याला पाठ करून उभा राहिलो. बाई लांबून पाहत होत्या. आपटा द्यायला गेलो तेव्हा विचारलं, "इथंच का उभं राहता?" मी ते पराक्रमाचं वाक्य सांगायला लागलो आणि मधेच थांबलो. माहीत नाही, म्हटलं.

१३ ऑक्टोबर

दिवसभर खाली होतो. खळग्यात तिरका उजेड पडला तरच बैठक दिसते. सकाळ-संध्याकाळी ऊन आपसूक तिरपं असतं, मधल्या वेळी नसतं. म्हणून मी छत्री धरायची आणि सुंदरबाईंनी घरातला आरसा धरून कडेने कवडसा टाकायचा. बाई मऊ ब्रशने सुटी माती झाडतात, रबरी फुग्याने फुंकर घालतात, आधी चित्र काढतात आणि मगच बोलतात. एका खळग्याला इतका वेळ, की माझी मान आखडली. त्यांची आखडत नाही का? विचारलं तर म्हणाल्या, पाण्याखाली यापेक्षा अवघड असतं, तिथे फुंकरही घालता येत नाही.

अजून एकदाही मला रागावून बोलल्या नाहीत. शहादेवलाही नाही. तो बिचारा लांब उभा राहून कान पकडत होता. त्याला बोलावून पाण्याची बाटली मागितली आणि शेजारी बसवलं.

दुपारी सुंदरबाईंनी सांगितलं की तो कार्यक्रम म्हणजे नागपूरची दीक्षाभूमी. दरवर्षी आईवडिलांबरोबर जाते, लहानपणापासून. यंदा पहिल्यांदा चुकलं तिचं.

"मला कुनी सांगितलं न्हाई."

"तुमी इचारलं का? आडनाव तेवढं इचारलं."

मी छत्री उचलून पुन्हा खळग्याकडे गेलो.

१५ ऑक्टोबर

बंधाऱ्याची दारं आज टाकली. पाणी अजून घाटाच्या पायऱ्यांशी आहे, पण चढतंय. मी पाटबंधारेवाल्यांना फोन केला, माजी सरपंच म्हणून रुबाबही करून पाहिला. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. त्यांचंही बरोबर आहे, सगळ्यांच्या शेतीच्या मोटारी याच साठलेल्या पाण्यावर आहेत.

गोल बैठका निघू लागल्यात. एक, मग लागून आणखी. मधूनमधून चेपलेल्या. काही खळगे शहादेवच्या पायाखाली गेले, तिथे काहीच नाही. तशा एका खळग्यावर बाई फार वेळ थांबल्या. दोन्ही बाजूंना गोल होत्या, ओळ सरळ दिसत होती.

"मधली बी गोलच असनार," मी म्हटलं. "लिहा की गोल. कोन बघायला आलंय?"

"मी आहे ना बघायला."

त्यांनी तिथे 'माहीत नाही' असं लिहिलं. चूक माझी होती, वेळ संपत आला होता, पाणी चढत होतं, आणि तरी त्यांनी एका गोळीला पदरचं काही जोडलं नाही. असं इमान मी आमच्या पूर्वजांच्या गोष्टींत ऐकलं होतं. समोर बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

१६ ऑक्टोबर

स्वप्नाली सकाळी यंत्र घेऊन आली. बाईंनी दसऱ्यालाच फोन करून तिला लवकर बोलावलं होतं. शेवटच्या झेंड्या मोजल्या तेव्हा दोघी घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. मीही उतरलो, धोतर सावरत. स्वतःच्या वावरात चिखलात उतरून मला किती वर्षं झाली असतील!

चार वाजता ओसरीवर बसून बाईंनी नकाशा दाखवला. नाही त्याला नाही म्हणायची, तुटकं तिथे तुटकं ठेवायची त्यांची पद्धत. तरी ओळ दिसते. पाण्यालगत, वाकलेली, तेव्हाचा काठ असेल तशी. गोल गोळ्यांची. त्या ओळीवरच चेपलेल्याही पडल्यात.

"म्हणजे पळाले न्हाईत," मी म्हटलं.

"सगळ्यांचं नाही सांगता येणार. पण काही जण काठावर उभे राहिले. समोरून मारा चालू असताना बंदुका भरत राहिले. पाठीमागं नदी होती." मग म्हणाल्या, "ओळ त्या काळ्या धोंड्यापाशी सगळ्यात दाट आहे, काका."

मी नकाशावर त्या धोंड्याच्या जागी बोट ठेवलं. मोगलाईतलं आमचं गाव. हे वावर इनाम मिळालं तेही निजामाकडूनच. मागे हटला नाही, असं आमच्याकडे सांगतात, पण मागे काय होतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

"मग राणोजीबाबा..."

"तेवढं मला म्हणता येणार नाही. गोळीवर नाव नसतं."

त्यांनी ते म्हटलं नाही, आणि म्हणून मला ते एकट्याला समजून घ्यावं लागलं.

अहवालात झाला प्रकारही लिहिणार आहेत: खालच्या पट्ट्यातल्या गोळ्या मोजणीआधी उचलल्या गेल्या आणि धुतल्या गेल्या. मी म्हटलं, कुणी उचलल्या तेही लिहा, माझं नाव घाला. म्हणाल्या, नावाची गरज नाही. मी म्हटलं, माझ्या घराण्यात खरं काय ते लिहायची सवय कुणी तरी लावायला पाहिजे. मग त्यांनी लिहिलं, जमीनमालक मोहनराव यांनी पूजेसाठी. पुढे एक ओळ जोडली, झेंड्या त्यांच्याच सूचनेमुळे जागेवर राहिल्या.

चहा आत स्वयंपाकघरात झाला. बाई ओट्याला टेकून सुंदरबाईंशी बोलत पीत होत्या. हे असं कधीपासून चालू आहे, मला माहीत नाही. मी स्वतःसाठी तो गडीमाणसांचा स्टीलचा पेला घेऊन आत गेलो आणि पाटावर बसलो.

१९ ऑक्टोबर

बाई काल गेल्या. आता कोकणात, समुद्र निवळला की पुन्हा पाण्यात. सुंदरबाईंनी ठेच्याची बरणी दिली. हनुमान सत्काराची शाल घेऊन आला होता. त्यांनी ती शहादेवच्या खांद्यावर टाकली, आणि तो दिवसभर तशीच घेऊन फिरला.

आज सकाळी एकटाच घाटावर गेलो. खालचा पट्टा पूर्ण बुडालाय. धोंड्याचा माथा तेवढा वर आहे आणि त्याच्या अलीकडे पाऊल ठेवण्यापुरती जमीन. मी चपला काढल्या आणि पाण्याला पाठ करून उभा राहिलो. दसऱ्याला उभा राहतो तेव्हा आपट्याची देवघेव कधी संपते आणि चहा कधी मिळतो, याचा विचार असतो. आज समोर पाहिलं. लिंबाचं झाड किती जवळ आहे! तिथून मारा करणाऱ्याचा चेहरा दिसत असणार. बंदूक भरायची. हात कापतो, गोळी पडते. दुसरी घ्यायची.

टाचांना पाणी लागलं. गार होतं. मी थोडा वेळ हललो नाही, मग चपला उचलल्या आणि चढावरून घराकडे निघालो. मला जायला जागा होती.